चॉकलेटचा इतिहास मुलांना सांगताना



आपल्याकडे मुलांच्या हातावर कागदात गुंडाळलेलं काहीही गोड ठेवलं की ते ‘चॉकलेट’ असतं. लिमलेटची गोळी चॉकलेट, संत्र्याची गोळी चॉकलेट, पानपसंदसुद्धा चॉकलेट. सोलापूरच्या वालचंद हिराचंद दोशींनी १९३३ मध्ये नाशिक जिल्ह्यात रावळगावला साखरेचा उद्योग उभा केला आणि पुढच्या दशकात तिथे गोळ्या बनू लागल्या. कित्येक घरांत त्या ‘रावळगावची चॉकलेटं’ म्हणूनच वाटल्या गेल्या. खरं तर त्यातल्या बहुतेक गोळ्या म्हणजे उकळून घट्ट केलेली साखर.

म्हणून मुलांना चॉकलेटचा इतिहास सांगायचा तर सुरुवात निवडण्यापासून करायची. घरात असतील त्या गोळ्या, टॉफ्या, वड्या ताटात ओतायच्या आणि पाकिटामागचं वाचत दोन ढीग करायचे: कोको असलेला आणि कोको नसलेला. आपल्या मुलांना पाकीट उलटून वाचायची सवय असतेच. हिरवा ठिपका आहे का, अंडं नाही ना, जिलेटिन नाही ना, हे आपण त्यांना अक्षरओळख झाल्यापासून शिकवतो. त्याच सवयीला आज एक नवा प्रश्न जोडायचा: हा कोको म्हणजे काय, आणि तो आला कुठून?

पाठशाळेतल्या पहिली ते चौथीच्या मुलांना मी ही गोष्ट सांगते. इंग्लंडमध्ये सात ते अकरा वर्षांच्या मुलांना इतिहासात माया संस्कृती शिकता येते आणि तिथले शिक्षक पुष्कळदा चॉकलेटच्या वाटेनंच त्या विषयात शिरतात. वाट चांगली आहे. पण लहान मुलांसाठी ही गोष्ट सहसा कशी सांगितली जाते? झाड, राजा, जहाज, यंत्र, चकचकीत कागद, संपली गोष्ट. मधली दोन पानं गळतात. एक उसाच्या मळ्यातल्या गुलामांचं आणि दुसरं कोकोच्या मळ्यातल्या गुलामांचं. मुलं लहान आहेत, त्यांना कशाला, असं आपल्याला वाटतं. मला वाटतं, ही दोन पानं लहान मुलांनाही सांगता येतात, आणि किडामुंगीला जपायला शिकवणाऱ्या आपल्या घरांत तर ती सांगायलाच हवीत. कशी, ते क्रमानं लिहिते.

झाड आणि कडू बी

कोकोचं झाड समजावायला आपल्याकडे फणस आहे. फणस जसा फांदीच्या टोकाला न लागता खोडालाच लटकतो, तसंच कोकोचं फळ थेट खोडाला लागतं. आकारानं लांबट, पिकल्यावर पिवळं, केशरी किंवा लालसर. आत पांढऱ्या, आंबटगोड गरात तीस-चाळीस बिया. केरळ, कर्नाटक, तमिळनाडू, आंध्र या राज्यांत नारळ-सुपारीच्या सावलीत ही झाडं लावतात. मंगळूरच्या बाजूला नातेवाईक असतील तर एखादं फळ मागवून मुलांसमोर फोडता येईल.

बी तशीच खाल्ली तर कडू आणि तुरट लागते. गरासकट बियांचा ढीग काही दिवस झाकून आंबवतात, मग उन्हात वाळवतात, भाजतात, साल काढतात आणि वाटतात. चॉकलेटची चव या आंबवण्यातूनच यायला लागते. आंबवलेलं ज्यांच्या घरी चालत नाही त्यांनी हे लक्षात घेऊन आपापला निर्णय घ्यावा. मुलांनाही हे सांगावं, कारण पदार्थ कसा बनतो हे कळल्याशिवाय तो घ्यायचा की सोडायचा हे ठरवता येत नाही.

यानंतर प्रत्येकाच्या जिभेवर बिनसाखरेच्या कोको पावडरीची चिमूट ठेवायची. तोंडं वाकडी होतात, पाणी मागतात. तेव्हा सांगायचं की चॉकलेटच्या इतिहासातला फार मोठा काळ या चवीचा आहे. पहिली हजारो वर्षं त्यात साखर नव्हतीच.

पाटा, वरवंटा आणि फेस

भिंतीवर जगाचा नकाशा लावायचा आणि दक्षिण अमेरिकेत इक्वेडोर शोधायला सांगायचं. तिथे सांता आना ला फ्लोरिडा या जागी उत्खननात सापडलेल्या भांड्यांना कोकोचे अंश चिकटलेले मिळाले. हे संशोधन २०१८ मध्ये प्रसिद्ध झालं आणि ती भांडी सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीपासूनची आहेत. पुढे मेक्सिको आणि ग्वाटेमालाच्या भागात कोको पिकू लागला, आणि माया लोकांनी त्याचं पेय नावारूपाला आणलं.

ग्वाटेमालात रिओ असुल इथे एका थडग्यात सुमारे १,५०० वर्षांपूर्वीचं मातीचं भांडं सापडलं. त्याला चक्क फिरवून बसवायचं झाकण आहे. त्याच्यावर माया चित्रलिपीत ‘ककाव’ असा शब्द रंगवलेला. अभ्यासकांनी आतला वाळलेला थर प्रयोगशाळेत तपासला, तर तो खरोखर कोकोचा निघाला. मुलांना हा प्रसंग फार आवडतो. डब्यावर नाव लिहिलेलं आणि आत तेच निघालं! इतिहास कसा शोधतात, हे याहून सोपं करून सांगता येणार नाही. आपण स्वयंपाकघरात डब्यांना चिठ्ठ्या लावतो, त्यांची आठवण करून द्यायची.

हे पेय करायच्या बायका. भाजलेली बी ‘मेटाटे’ नावाच्या दगडी पाट्यावर, गुडघ्यांवर बसून, दगडी लाटण्यासारख्या वरवंट्यानं वाटायच्या. त्यात पाणी, मक्याचं पीठ, मिरची, व्हॅनिला. मग एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात उंचावरून ओतून फेस काढायच्या. फेस जितका दाट तितकं पेय चांगलं. माया काळातल्या एका प्रसिद्ध रंगीत भांड्यावर अशी उभी राहून धार ओतणारी बाई चितारलेली आहे. पुढे स्पॅनिश काळात फेसासाठी लाकडी घुसळणी आली, ‘मोलिनियो’. दोन तळव्यांत धरून फिरवायची, थेट आपल्या रवीसारखी. राजेरजवाड्यांची नावं मुलं विसरतात. पाटा, वरवंटा आणि रवी मात्र त्यांच्या लक्षात राहतात, कारण आजीच्या घरी त्यांनी ती पाहिलेली असतात.

चिंचोक्यांचा बाजार

अॅझ्टेक लोकांच्या काळात कोकोची बी नाणं म्हणून चालायची. म्हणजे पैसे खरोखरच झाडाला लागायचे! स्पॅनिश सत्ता आल्यावरही हे चालू राहिलं. मेक्सिकोतल्या त्लाश्काला गावच्या बाजारातली १५४५ सालची भावांची यादी आजही उपलब्ध आहे. एक मोठा टोमॅटो, एक बी. केळीच्या पानात वाफवलेल्या पानगीची आठवण व्हावी असा मक्याचा तामाले, एक बी. ताजा तोडलेला अॅव्होकाडो, तीन बिया. तोच पिकून मऊ झालेला असेल तर एकच.

घरात चिंचोके असतील तर प्रत्येक मुलाला वीस वीस वाटून बाजार भरवायचा. पिकलेला अॅव्होकाडो स्वस्त का, हे दुसरीतलं मूलही सांगतं: तो उद्या खराब होणार म्हणून. मग खोट्या नाण्यांची गोष्ट सांगायची. काही लबाड लोक बीची साल अलगद उघडून आतला गर काढून घेत, माती भरत आणि साल पुन्हा बंद करून बाजारात चालवत. मुलं हसतात, आणि एक जण तरी विचारतोच, “मग ओळखायचं कसं?” दाबून, वजन करून, हातात घेऊन. फसवणूक जुनी आहे आणि तपासून घेण्याची सवयही तितकीच जुनी आहे.

उपवासाला चालतं का?

१५२१ मध्ये अॅझ्टेकांची राजधानी स्पॅनिश सैन्याच्या हाती पडली. १५४४ मध्ये माया सरदारांचं एक पथक स्पेनच्या राजपुत्राला भेटायला गेलं, त्यांच्या भेटवस्तूंत फेसाळ चॉकलेट होतं. हळूहळू ते स्पेनच्या दरबारी रुळलं. मिरची कमी झाली, दालचिनी आली, साखर आली.

आणि मग एक प्रश्न आला, जो वाचून आपल्याला हसू येईल: हे उपवासाला चालतं का? ख्रिस्ती लोकांच्या उपवासात अन्न वर्ज्य, पेय नाही. आता चॉकलेट पेय की अन्न? पोट तर भरतं! १६३६ मध्ये आंतोनियो दे लिओन पिनेलो यांनी याच प्रश्नावर अख्खं पुस्तक लिहिलं. १६६४ मध्ये ब्रांकाच्चो नावाच्या कार्डिनलनं लिहिलं की पेय उपवास मोडत नाही. एकासनाला काय आणि कधी चालतं यावर आपल्या सासूबाई आणि जावांमध्ये होणाऱ्या चर्चा आठवा. माणसं सगळीकडे सारखीच!

काळ समजावायला इथे चौथीचं इतिहासाचं पुस्तक उपयोगी पडतं. शिवराय १६३० साली जन्मले. ते सहा वर्षांचे असताना स्पेनमध्ये हे उपवासाचं पुस्तक निघालं. ते सत्तावीस वर्षांचे असताना, १६५७ मध्ये, लंडनमध्ये चॉकलेट विकणारं पहिलं दुकान उघडलं. मुलांच्या डोक्यात दोन वेगळे कप्पे असतात, एक आपला इतिहास आणि एक बाहेरचा. असे दोन धागे जोडले की ते कप्पे एक होतात.

पहिलं गळलेलं पान: साखर

इथे थांबून मुलांना विचारायचं, चॉकलेटमध्ये साखर आली तर ती कुठून आली? ‘शुगर’ हा शब्द आपल्या ‘शर्करा’वरून फिरत फिरत युरोपात गेला. ऊस उकळून साखर करायची विद्या आपल्या देशात फार जुनी. ऊस इथून पश्चिमेकडे गेला, अरबांनी तो भूमध्य समुद्रापर्यंत नेला, आणि युरोपीय लोकांनी समुद्रापार कॅरिबियन बेटांवर आणि ब्राझीलमध्ये त्याचे प्रचंड मळे लावले. त्या मळ्यांत राबायला आफ्रिकेतून माणसं पकडून, विकत घेऊन, जहाजांत कोंबून नेली. साडेतीनशेहून अधिक वर्षांत सुमारे सव्वा कोटी माणसांना जहाजांवर चढवलं गेलं. त्यातली जवळपास अठरा लाख वाटेतच मेली. कोकोच्या मळ्यांतही, व्हेनेझुएलात आणि पुढे ब्राझीलमध्ये, गुलाम राबले.

हे सहा वर्षांच्या मुलाला कसं सांगायचं? आकड्यांनी नाही. मी इतकंच सांगते: “साखर खूप हवी होती, काम फार कष्टाचं होतं, आणि मजुरी द्यायची नव्हती. म्हणून काही लोकांनी दुसऱ्या माणसांना पकडून वस्तूसारखं विकलं.” बास. तिखटमीठ लावून मारहाणीची वर्णनं करायची नाहीत, आणि ‘तेव्हाची पद्धतच तशी होती’ असं सारवायचंही नाही. मूल म्हणतं, “पण हे चूक आहे.” हो, चूक होतं, आणि तेव्हाही ते चूक आहे असं म्हणणारी माणसं होती, सर्वांत आधी ती पकडलेली माणसंच.

थोड्या मोठ्या मुलांना मी एडमंडची गोष्ट सांगते. चॉकलेटमधली व्हॅनिला मूळची मेक्सिकोची वेल. ती हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावर नेली, फुलं आली, पण शेंगा धरेनात, कारण परागीभवन करणारे तिकडचे कीटक इकडे नव्हते. १८४१ मध्ये त्या बेटावरच्या एडमंड नावाच्या बारा वर्षांच्या मुलानं बारीक काडीनं आणि अंगठ्यानं फुलातला पडदा बाजूला सारून पराग लावायची युक्ती शोधून काढली. आजही जगभर व्हॅनिला बहुतेक त्याच रीतीनं हातानं फळवतात. तो मुलगा गुलाम होता. १८४८ मध्ये, म्हणजे ज्या वर्षी पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली त्याच वर्षी, रियुनियनमधली गुलामगिरी संपली आणि तो मुक्त झाला. तेव्हा त्याला एडमंड आल्बियुस हे पूर्ण नाव मिळालं. त्याच्या युक्तीवर मळेवाले श्रीमंत झाले. तो १८८० मध्ये गरिबीतच वारला.

बारा वर्षांचा मुलगा म्हणजे ताई-दादाच्या वयाचा. ही गोष्ट ऐकून मुलं घाबरत नाहीत. ती चिडतात. “त्याला पैसे का नाही दिले?” हा प्रश्न त्यांच्या तोंडून आला की आपलं अर्धं काम झालं.

वडी कधी झाली?

आता एक सुतळी घ्यायची आणि शंभर वर्षांना पाच सेंटिमीटर या मापानं जमिनीवर अंथरायची. ५,३०० वर्षांची सुतळी होते दोन मीटर पासष्ट सेंटिमीटर. १८२८ मध्ये हॉलंडच्या व्हॅन हाउटेन यांनी कोकोतला स्निग्धांश दाबून वेगळा काढायचं यंत्र केलं. १८४७ मध्ये इंग्लंडमधल्या ब्रिस्टल गावच्या फ्राय कंपनीनं कोको, साखर आणि कोकोचं लोणी एकत्र करून खायची वडी बाजारात आणली. १८७५ मध्ये स्वित्झर्लंडच्या डॅनियल पीटर यांनी त्यात दूध घातलं. १८७९ मध्ये लिंट यांनी ते तासन्‌तास घोटून मऊ करायची रीत काढली.

मुलांना सुतळीवर वडीची जागा दाखवायला सांगा. शेवटचे नऊ सेंटिमीटर! त्याआधीची सगळी सुतळी म्हणजे प्यायचं चॉकलेट. ज्याला आपण ‘चॉकलेट’ म्हणतो ते आपल्या पणजीच्या पणजीनं पाहिलंही नसणार.

दुसरं गळलेलं पान: क्वेकर

इंग्लंडमधल्या चॉकलेटच्या तीन मोठ्या कंपन्या, फ्राय, कॅडबरी आणि राउंट्री, या तिन्ही क्वेकर कुटुंबांच्या होत्या. क्वेकर हा ख्रिस्ती लोकांतला एक लहान पंथ. साधा पोशाख, युद्धाला विरोध, दारूला विरोध, व्यापारात एकच भाव आणि दिला शब्द पाळणं. इंग्लंडच्या जुन्या विद्यापीठांचे दरवाजे त्यांना बरीच वर्षं बंद होते, सैन्यात ते जात नसत, म्हणून व्यापारात शिरले. दारूऐवजी लोकांनी कोको प्यावा असं त्यांना वाटे. गुलामगिरीविरुद्धच्या चळवळीतही ते पुढे होते. कॅडबरींनी १८७९ मध्ये बर्मिंगहॅमबाहेर बोर्नव्हिल इथे कारखाना नेला आणि पुढे त्याच्याभोवती बागा असलेली घरं, मैदानं उभी राहिली.

लहान समाज, अहिंसा, व्यसनमुक्ती, सचोटीचा व्यापार. हे वर्णन वाचताना आपल्याला आपलीच माणसं दिसली तर नवल नाही. म्हणून पुढचा भाग आपण नीट वाचायला हवा.

कॅडबरींचा बराचसा कोको आफ्रिकेजवळच्या साओ टोमे आणि प्रिन्सिपे या पोर्तुगीज बेटांवरून येत असे. कागदोपत्री पोर्तुगालनं गुलामगिरी बंद केलेली होती, मजूर ‘करारावर’ होते. १९०१ मध्ये कंपनीतल्या विल्यम कॅडबरी यांच्या कानावर आलं की तिथे एका मळ्याच्या विक्रीच्या यादीत जमीन-गुरांबरोबर मजुरांचीही किंमत धरली आहे. त्यांनी पोर्तुगालशी बोलणी केली. १९०५ मध्ये जोसेफ बर्ट नावाच्या क्वेकर गृहस्थांना चौकशीला पाठवलं. त्याच सुमारास पत्रकार हेन्री नेव्हिन्सन अंगोलातून त्या बेटांपर्यंत गेले आणि १९०६ मध्ये त्यांनी पुस्तक लिहून जगाला सांगितलं की करार नावाला आहे, हे लोक पकडून आणलेले आहेत आणि परत कधी जात नाहीत. बर्ट यांचा अहवालही तेच म्हणत होता. तिन्ही क्वेकर कंपन्यांनी त्या बेटांचा कोको घेणं बंद केलं ते मार्च १९०९ मध्ये.

म्हणजे कानावर आल्यापासून आठ वर्षांनी.

एका वृत्तपत्रानं यावर झोंबणारा लेख लिहिला होता, कॅडबरींनी बदनामीचा दावा लावला. १९०९ च्या डिसेंबरात निकाल लागला. ज्युरीनं कॅडबरींच्या बाजूनं कौल दिला, पण नुकसानभरपाई दिली एक फार्दिंग. इंग्लंडचं तेव्हाचं सगळ्यात लहान नाणं. आपल्याकडची एक पै म्हणा.

तिसरी-चौथीच्या मुलांना हा खटला सांगून मी दोन गट करते. एक गट म्हणतो, “चांगली माणसं होती, नीट चौकशी केली, खरेदी चालू ठेवली म्हणून त्यांचं म्हणणं कुणी ऐकलं तरी.” दुसरा गट म्हणतो, “कळल्यावर लगेच का नाही थांबवलं?” कंपनीची बाजू न्यायालयात साधारण पहिल्या गटाची होती. मी निकाल देत नाही. एक फार्दिंगचा अर्थ काय असेल, एवढंच विचारते. एकदा एक मुलगी म्हणाली, “म्हणजे तुम्ही जिंकलात, पण शाबासकी नाही.”

कंपन्या मग गोल्ड कोस्टकडे, म्हणजे आजच्या घानाकडे वळल्या. तिथे टेटे क्वार्शी नावाच्या लोहारानं १८७९ मध्ये फर्नांडो पो बेटावरून कोकोच्या बिया आणून लावल्या होत्या. तिथल्या शेतकऱ्यांनी आपापल्या लहान जमिनीवर त्याचं इतकं पीक काढलं की १९११ पर्यंत तो देश जगात सर्वांत जास्त कोको पिकवू लागला. ही गोष्टही सांगायलाच हवी. नाहीतर आफ्रिकेची माणसं म्हणजे फक्त सोसणारी, असं चित्र मुलांच्या मनात बसतं.

आजचं काय?

आज जगातला निम्म्याहून जास्त कोको आयव्हरी कोस्ट आणि घाना या दोन देशांतून येतो. २००१ मध्ये मोठ्या कंपन्यांनी बालमजुरीचे सर्वांत वाईट प्रकार संपवण्याच्या करारावर सह्या केल्या. मुदत २००५ ची होती, ती पुढे पुढे सरकत गेली. शिकागो विद्यापीठाशी संलग्न संस्थेच्या २०२० च्या अहवालानुसार या दोन देशांत सुमारे १५ लाख ६० हजार मुलं कोकोच्या शेतीत बालमजुरी करत होती. कोयत्यानं फळं फोडणं, जड पोती उचलणं, फवारणी. त्यातली बहुतेक मुलं स्वतःच्या कुटुंबाच्या शेतावरच राबतात, कारण कोकोला मिळणाऱ्या भावात मजूर लावणं परवडत नाही.

हे सांगताना दोन गोष्टी टाळायच्या. पहिली, हातात चॉकलेट असलेल्या मुलाला अपराधी वाटायला लावणं. भाव त्यानं ठरवलेला नाही. दुसरी, ‘बिच्चारी आफ्रिकेतली मुलं’ असा सूर. त्यासाठी इतक्या लांब जायला नको. दरवर्षी दिवाळीच्या सुमारास बीडकडून लाखो माणसं ऊसतोडीला आपल्या सांगली-कोल्हापूरकडे येतात. नवरा-बायकोच्या जोडीला मुकादमाच्या भाषेत ‘एक कोयता’ म्हणतात. माणसाला अवजाराचं नाव! त्यांची मुलं फडावर असतात, शाळा बुडते. त्यांच्यासाठी ‘साखरशाळा’ काढाव्या लागल्या. आपल्या चहातली आणि रावळगावच्या गोळीतली साखर अशा फडांतूनच येते. कोकोचा कोयता आणि उसाचा कोयता मुलांना एकत्र दाखवला की जगाचा नकाशा एकदम जवळ येतो.

धर्माशी याचा संबंध काय, असं कुणी विचारेल. तत्त्वार्थसूत्रात अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत, पाठशाळेत आपण ते पाठ करून घेतो. बांधून ठेवणं, मारणं, अवयव छेदणं, झेपणार नाही इतकं ओझं लादणं, खाणंपिणं तोडणं. गुलामांच्या जहाजांवर आणि मळ्यांवर या पाचांपैकी कुठला अतिचार घडला नाही? आणि अतिभारारोपण म्हणजे काय, हे विचारल्यावर मुलं बैलगाडीचं उदाहरण देतात. दहा वर्षांच्या मुलाच्या पाठीवरचं कोकोचं पोतं हेही त्याचंच उदाहरण आहे. अचौर्याच्या अतिचारांत चोरीनं आणलेला माल घेणंही येतं. दुसऱ्याच्या चोरलेल्या कष्टाचा माल त्यात धरायचा की नाही, हा प्रश्न मोठ्यांनी एकमेकींत बोलावा असा आहे.

चॉकलेट सोडा, असं मी म्हणत नाही. सगळ्यांनी घेणं थांबवलं तर पहिला फटका त्या लहान शेतकऱ्यालाच बसेल. पण घेताना विचारता येतं. आपल्याच शेजारी, मंगळूरला, सुपारीच्या शेतकऱ्यांनी १९७३ मध्ये कॅम्पको ही सहकारी संस्था काढली आणि १९८६ मध्ये पुत्तूरला स्वतःचा चॉकलेट कारखाना उभारला. बी कुठल्या शेतातली आहे हे पाकिटावर लिहिणारे छोटे भारतीय उत्पादकही आता आहेत. वाढदिवसाला पन्नास स्वस्त वड्या वाटण्याऐवजी ठाऊक असलेल्या ठिकाणची एक मोठी वडी आणून तुकडे करावेत, असं एखाद्या घरानं ठरवलं तर मुलं तक्रार करत नाहीत, कारण त्यांना कारण माहीत असतं.

शेवटी मुलांना वहीत चार प्रश्न लिहून देते. हे कुठे उगवलं? कुणाच्या हातांनी काढलं? त्या हातांना काय मिळालं? आणि आपण किती दिलं? चॉकलेटवर सुरुवात करायची. मग चहा, सुती फ्रॉक, दिवाळीचे फटाके, काहीही घ्यावं. सगळी उत्तरं मिळत नाहीत, काही ओळी रिकाम्या राहतात. त्या रिकाम्याच ठेवायला सांगते. येत्या सुट्टीत करून पाहा, आणि तुमच्या मुलांनी काय विचारलं ते मला जरूर कळवा.